एका कागदातले अकिवाटे

"सूनबाई, त्यास्नी सांग, तोंड तिकडं करा म्हणावं," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. 'त्यास्नी' म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, बापू. बापू त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर स्टुलावर बसले होते आणि अण्णांचं वाक्य त्यांना माझ्याइतकंच स्वच्छ ऐकू गेलं होतं.

"बापू, अण्णा म्हणतात, तोंड तिकडं करा," मी सांगितलं.

"त्यास्नी सांग, तिकडं केलं तर माझी पाठ त्यांच्याकडं हुईल. मग गावभर सांगत सुटतील, धाकट्यानं पाठ फिरवली."

"अण्णा, बापू म्हणतात, तिकडं केलं तर..."

"कळलं. मग असं सांग, माझ्या मागं बसा आन् मी बघतोय तिकडंच बघा."

"बापू, अण्णा म्हणतात, मागं बसा आणि..."

"त्यास्नी सांग, जन्मभर मागंच बसलोय. चित्रात तरी बसणार न्हाई."

मी तेही पोचवलं. आमच्यासमोर लाकडी चौकटीवर पांढरं कापड ताणून पडदा उभा केला होता. त्याच्या पलीकडून गुलाबमास्तरांनी डोकं बाहेर काढलं.

"शेठ, ऊन चाललं," ते म्हणाले. "कुणाचं नाक कुठं, ते आज ठरलं न्हाई तर उद्या परत."

उद्या परत म्हणजे माझा आणखी एक दिवस गेला. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, आणि ते चित्र झाल्याशिवाय मला कुणी सोडणार नव्हतं.

हे सांगलीतलं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं. आमचे अकिवाटे हळदीचे अडते. गावातलं शांतिकला नाट्यगृह माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. दर माघात तिथे गाण्याची सभा भरे. नाटक कंपनीचा मुक्काम पडला की जेवणाचे डबे आमच्याकडून जात, आणि एखाद्या तबलजीने सायकलवरून पडून हात मोडून घेतला की औषधपाणीही आमच्याकडूनच होई. मात्र आजेसासऱ्यांनी एक दंडक घालून ठेवला होता. नाट्यगृहावर घराचं नाव लावायचं नाही आणि घरातल्या कुणाचा फोटो टांगायचा नाही. दिलेल्या वस्तूवर आपलंच तोंड चिकटवलं तर ती दिली कुठे, असं ते म्हणत. गावाला हे इतकं आवडलं की नाट्यगृहातल्या प्रत्येक भाषणात कुणी ना कुणी उठून, अकिवाट्यांना नाव नको असतं, हे नाव घेऊन सांगत असे.

नाट्यगृहाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा समितीचे सेक्रेटरी मेहेंदळे वकील घरी आले. "फोटो नको, कबूल," ते म्हणाले. "पण सावली चालेल की नाही? सावलीला तोंड कुठे असतं?" अण्णांना हे पटलं. बापूंनाही पटलं होतं, पण अण्णांना पटलंय हे मी येऊन सांगितल्यावर त्यांनी विचाराला दोन दिवस मागितले.

गुलाबमास्तर शिकलगार मिरजेचे. नाटकांचे पडदे रंगवायचे आणि काळ्या कागदातून माणसाची सावली कापून द्यायचे. माणूस पडद्याच्या एका बाजूला बसवायचा, मागून उजेड घ्यायचा, पडद्यावर सावली पाडायची. मास्तर पलीकडून कापडावर पातळ कागद टाचून तिची कड पेन्सिलीने उतरवत आणि त्याबरहुकूम काळा कागद कापत. त्यांची एकच अट होती. अख्खं कुटुंब एका कागदातून कापणार, डिंक लावणार नाही.

"डिंकाला झुरळं लागत्यात," ते म्हणाले. "वीस वरसांनी बघावं तर घरातली माणसं सुटी होऊन चौकटीत खाली पडलेली. मला ते नगो."

म्हणून चित्रातल्या प्रत्येकाचं काही ना काही शेजारच्याला चिकटलेलं हवं होतं. खांद्यावर हात म्हणा, नाहीतर पदराचं टोक म्हणा. कुठे काही चिकटलं नाही तर कागदाचे दोन तुकडे.

मास्तरांनी उजेडासाठी पेट्रोमॅक्स आणला होता. तो सासूबाईंनी उंबऱ्यावरूनच परत पाठवला. आमचं जैनाचं घर. दिवस मावळायच्या आत जेवणं, आणि त्यानंतर मोठा दिवा लावायचा नाही, किडे झेपावतात आणि मरतात. मग मास्तरांनी माडीवरची पूर्वेची खिडकी शोधून काढली. सकाळी तिथून ऊन सरळ आत येई, पण पातेलंभर आमटी शिजावी तेवढाच वेळ, मग सूर्य वर चढे आणि ऊन पडद्यावरून खाली सरके. जे काय करायचं ते तेवढ्यात.

आता या दोघा भावांचं सांगते. त्यांच्यात जमीन नाही, वाटणी नाही, बाई तर नाहीच नाही. त्यांच्यात गाणं आलं होतं. अकरा वर्षांपूर्वी माघाच्या सभेत पुण्याचे एक मोठे बुवा गात होते. अण्णा आणि बापू मानाच्या जागी, पहिल्या गादीवर. अण्णांना गाण्यातलं इतकंच कळे की पेटीवाल्याने मान हलवली की वाहवा म्हणायचं. बापूंना तेवढंही कळत नव्हतं, पण ते प्रामाणिक होते, त्यांना झोप लागे. त्या दिवशीही लागली. बुवा विलंबितात शिरलेले, सभा चिडीचूप, आणि बापू घोरायला लागले. अण्णांनी त्यांना कोपर मारलं. बापू दचकून जागे झाले आणि सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संपलं का?"

बुवांनी तानपुरा खाली ठेवला. "हो, संपलं," ते म्हणाले आणि उठले.

अण्णा भर सभेत बापूंना म्हणाले, "घरी जाऊन झोप." बापू उठून घरी गेले. त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. एका घरात राहत, एका पंगतीला बसत, एकाच अडतीवर शेजारी शेजारी गादीवर बसत, आणि जे काय बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून बोलत. अडतीवर ते काम दिवाणजी करत. घरी आधी सासूबाई करत, आणि माझं लग्न झाल्यापासून मी.

सासूबाईंना सगळे आक्का म्हणत. आक्कांना ऐकू कमी यायचं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ते एकदम कमी झालं होतं.

मी हे काम चोख करत असे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानच होता. ऐकलं ते अक्षर न अक्षर पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. "त्यास्नी सांग, आमटीत मीठ जास्त हाय." "त्यास्नी सांग, माझ्या आमटीत बरोबर हाय." एकाच पातेल्यातली आमटी, पण मी दोन्ही निरोप पोचवले. बापू विधुर, मूलबाळ नाही, त्यामुळे घरात बोलणारी आणि सांगणारी मिळून आम्ही चौघंच.

पाचवे म्हणजे माझे यजमान, जयपाल. ते नाशिकला पाटबंधारे खात्यात होते. लग्नानंतर बारा दिवसांनी ते नाशिकला गेले. क्वार्टर मिळालं की मला नेणार होते. क्वार्टर मिळालं. त्यांनी बंब घेतला, दोन पाट घेतले, तुळस लावली, ती माझी वाट बघून वाळली, मग दुसरी लावली. मी ट्रंक बांधून ठेवलेली. पण हळदीचा हंगाम आला, तो झाल्यावर जा म्हणाले. मग आक्कांचा गुडघा. मग मूळ नक्षत्र. मग माघाची सभा, आणि आता हे चित्र. ट्रंकेतली चांगली पातळं मी पुन्हा एक एक करून बाहेर काढून नेसायला लागले होते. या हिशेबाने म्हातारी होऊनच नाशिकला पोचेन, असं मला वाटायला लागलं.

पहिल्या सकाळी नाकं कुठे करायची हेच ठरलं नाही. दोघांनी एका दिशेला बघायचं म्हटलं तर एक पुढे येई, एक मागे पडे. पाठीला पाठ लावली तर गावाला कळे. समोरासमोर बसायला दोघंही तयार नव्हते. शेवटी आक्काच म्हणाल्या, "समोरासमोर बसा, आन् मधी कनकला बसवा. म्हंजे एकमेकाकडं बघतोय असं व्हायचं न्हाई. दोघंबी तिच्याकडं बघतायत."

कनक म्हणजे मी. कनकमाला.

मास्तरांनी लगेच मान डोलावली. आक्का अण्णांच्या मागे बसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार. अण्णांचा गुडघा माझ्या पातळाला लागणार, आणि दुसऱ्या बाजूने बापूंचा. कागद एकसंध राहणार होता. अण्णांनी माझ्याकडून बापूंना कळवलं की त्यांची हरकत नाही. बापूंनी कळवलं की त्यांचीही नाही. तोवर ऊन गेलं.

दुसऱ्या सकाळी ढग आले. मास्तर माडीवर पडद्यामागे बसून राहिले, दोघं भाऊ आपापल्या स्टुलावर बसून राहिले, आणि मी दूध तापवायला खाली आले. स्वयंपाकघरात आक्का मटकी निवडत बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. दूध वर येईतो मी चुलीपाशी उभी होते. जीव अगदी वैतागला होता. मी दुधालाच म्हणाले, ओठातल्या ओठात, "माझी सुटका व्हायची तरी कधी?"

"तू गेलीस तर हितं बोलायचं कुणी?" मागून आक्का म्हणाल्या.

दूध उतू गेलं. मी वळून बघितलं. आक्कांनी मटकीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुम्हांला ऐकू येतं?"

"येतंय की. कान बरं हायत माझं." त्यांनी अजून एक खडा काढला. "धा वरसं केलं बाई मी. सकाळी उठल्यापास्नं रात्री पाठ टेकंपतुर. ह्यास्नी सांग, त्यास्नी सांग. तोंडाला फेस आला. एक दिस म्हटलं, जयपालचं लगीन करू. मुलगी शाळा शिकलेली, आवाज खणखणीत अशी बघू."

मी मॅट्रिक होते. बघायला आले होते तेव्हा माझ्याकडून त्यांनी मोठ्याने वर्तमानपत्र वाचून घेतलं होतं. मला वाटलं होतं, घर हौशी आहे.

"म्हणजे मला यासाठी आणलं?"

"चांगली बी दिसलीस," आक्का म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून राग जास्त आला. "आता असं बघ. हळदीचं पेव उघडायचं तर दोघांचं ठरावं लागतंय. नाट्यगृहाचं छत गळाय लागलं तर दोघांचं ठरावं लागतंय. ते तुझ्या तोंडातनं ठरतंय. तू नाशकाला गेलीस की हे सगळं बंद पडलं बघ."

"मग मी जायचंच नाही का?"

आक्कांनी शेवटचा खडा काढला. मटकीचं ताट घेऊन उठल्या आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. चूल पुसताना मी रडले. बंब आणि दोन पाट सारखे डोळ्यांपुढे येत होते. आणि एक गोष्ट लख्ख कळली. उद्या मी त्या दोघांच्या मधे बसले, मास्तरांनी मला त्या कागदात कापलं, की मग मी कुठेही जाणार नाही. जन्मभर माझ्या दोन्ही बाजूंना एक एक गुडघा लागलेला राहणार.

तिसऱ्या सकाळी ऊन कडक पडलं. परवा सोहळा होता, त्यामुळे आज चित्र उतरलं नाही तर नाट्यगृहात रिकामी चौकट टांगावी लागणार होती. अण्णा बसले. त्यांच्या मागे आक्का बसल्या, खांद्यावर हात ठेवून. समोर बापू बसले. मधलं स्टूल माझं.

"बस पोरी," अण्णा म्हणाले.

"मी चित्रात बसणार नाही," मी म्हणाले.

शब्द खणखणीत आले. आक्कांनी मुलगी पारखूनच आणली होती.

"मला नाशिकला जायचंय. परवा सोहळा झाला की रात्रीच्या गाडीने. आणि आजपासून मी निरोप सांगणार नाही. कुणाचाच."

अण्णांनी बापूंकडे बघायचं टाळलं, बापूंनी अण्णांकडे.

"सूनबाई," बापू म्हणाले, "त्यास्नी सांग, पोरीला काय झालंय बघा म्हणावं."

मी गप्प उभी राहिले. निरोप तिथेच खोलीत पडून राहिला. अण्णांना तो ऐकू आला होता, आणि आपल्याला ऐकू आला हे दाखवायची त्यांना सोय नव्हती. त्यांनी आक्कांकडे मान वळवली.

"मला ऐकू येत न्हाई," आक्का म्हणाल्या.

पडद्यामागून मास्तरांचा आवाज आला. "शेठ, ऊन. बाई बसत नसतील तर मधलं स्टूल काढा. जवळ सरका. पर कुठंतरी शिवा एकमेकांला, न्हाईतर कागद तुटतोय."

मी स्टूल उचललं आणि पडद्याच्या पलीकडे, मास्तरांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. आता मला माणसं दिसत नव्हती, फक्त पडद्यावरच्या सावल्या. आक्कांच्या अंबाड्याची सावली, अण्णांची पगडी आणि नाक, आणि समोर बापूंचं तेच नाक, उलटं बसवल्यासारखं. अकिवाट्यांचं नाक सगळ्या गावाला माहीत होतं. ही सावली तोंड झाकते असं मेहेंदळे वकिलांना का वाटलं, कोण जाणे.

स्टुलं सरकल्याचा आवाज झाला. दोन्ही नाकं जवळ आली. मधे ओंजळभर उजेड राहिला. शिवायला कुणी हात पुढे केला नाही.

"तोवर कडा काढून घेतो," मास्तर हळूच मला म्हणाले आणि आक्कांच्या अंबाड्यापासून सुरुवात केली. "हलू नका कुणी," ते मोठ्याने म्हणाले.

कुणी हललं नाही. खोलीत पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. मास्तरांनी आक्का उतरवल्या, त्यांचा हात उतरवला, अण्णांची पगडी, कपाळ, नाक. ऊन बापूंच्या अंगावर पडत असणार, उबदार. बोलायला कुणी नाही, करायला काही नाही, समोर बसून राहायचं. मला कळायला हवं होतं.

बापूंच्या सावलीची मान पुढे झुकली. मग वर आली. मग पुन्हा झुकली आणि झुकतच गेली.

मास्तरांची पेन्सिल थांबली. "झोपलं," ते पुटपुटले. "गेलं आता चित्र."

अण्णांनाही ते दिसलं असणार. त्यांच्या सावलीचा हात वर आला. मी डोळे मिटून घेतले, कारण आता कोपर बसणार आणि अजून अकरा वर्षं जाणार. आणि ती अकरा वर्षं माझी जाणार.

आवाज काही झाला नाही. मी डोळे उघडले. अण्णांनी एक बोट पुढे केलं होतं. ते हळूहळू मधला उजेड ओलांडून गेलं, बापूंच्या हनुवटीखाली टेकलं, आणि त्या बोटावर त्यांनी बापूंचं डोकं अलगद वर उचलून सरळ धरलं. झोपलेल्या लेकराला पावडर लावताना धरतात तसं.

"हां!" मास्तर म्हणाले आणि त्यांची पेन्सिल सुटली.

पडद्यापलीकडून झोपेतला आवाज आला, जड, ओला. "संपलं का?"

मी पडद्याजवळ सरकले. अण्णांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. मग ते बोलले, इतकं हळू की मी कान दिला म्हणून ऐकू आलं.

"अजून न्हाई, बाळ्या. झोप. हलू नगंस तेवढं."

बाळ्या हे नाव मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. बापू हलले नाहीत. ऊन सरकेपर्यंत अण्णांनी बोट काढलं नाही. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरत होता, आणि तो थरथरलेला चित्रात येऊ नये म्हणून मास्तर दोनदा थांबले.

ऊन गेल्यावर मी पलीकडे गेले तेव्हा दोघं दोन दिशांना बघत बसले होते.

"मी बोललो न्हाई कुणाशी," अण्णा भिंतीला म्हणाले. "चित्र बिघडत हुतं म्हणून सावलीला सांगितलं."

"मी झोपेत हुतो," बापू खिडकीला म्हणाले.

आक्का उठल्या. त्यांनी डोळे पुसले, पडद्याच्या चौकटीवरून एकदा हात फिरवला आणि मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, हा पडदा हितंच राहू द्या. तुमास्नी नवा करून देतो."

सोहळ्याला चित्र टांगलं. पांढऱ्यावर काळं, एका कागदातलं, कुठे जोड नाही. मेहेंदळे वकिलांनी भाषणात त्याचा अर्थ उलगडून सांगितला. थोरले बंधू धाकट्याची हनुवटी उचलून त्याला म्हणत आहेत, वर बघ, कला बघ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या गादीवर अण्णा बसले होते, आणि त्यांच्या शेजारी बापू झोपले होते. अण्णांनी त्यांना उठवलं नाही.

त्याच रात्री मी गाडीत बसले. दोघंही स्टेशनवर आले होते. माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि गाडी सुटेपर्यंत एकाही निरोपाशिवाय तसेच उभे होते. सुटताना बापूंनी खिडकीतून हळकुंडांची पुडी आत दिली. अण्णा म्हणाले, "जयपालला सांग," आणि मग पुढचं न बोलता हात हलवला.

घर बंद पडलं नाही. आक्कांनी पडदा माडीवरच ठेवला. रोज सकाळी ऊन आलं की अण्णा खिडकीच्या बाजूला बसत, बापू पडद्याच्या अलीकडे, आणि बापू पडद्यावरच्या सावलीशी, अण्णा पडद्याशी, असं दोघं अडतीचं, नाट्यगृहाचं, आमटीचं बोलून घेत. ऊन सरकलं की बोलणं बंद. समोरासमोर ते पुढेही कधी बोलले नाहीत, सावलीशी बोलणं त्यांच्या हिशेबात बोलणं नव्हतं. पावसाळ्यात ऊन नसे तेव्हा पुन्हा अबोला. अडतीवरचे हमाल त्याला मालकांचा चातुर्मास म्हणत.

पुढे बऱ्याच वर्षांनी, आक्का गेल्यानंतर, अण्णा अंथरुणाला खिळले म्हणून मी नाशिकहून आले. त्यांची खाट माडीवर त्याच खिडकीपाशी होती. पडदाही होता, कापड तेवढं बदललेलं. बापूंना जिना चढवत नव्हता, तरी रोज चढत.

त्या सकाळी मी अण्णांना उशांना टेकवून बसतं केलं. ऊन आलं. पडद्यावर सावली पडली. बापू अलीकडे खुर्चीवर बसले, मी त्यांच्या हातात दुधाचा पेला दिला.

"यंदा हळद बरी हाय," बापू सावलीला म्हणाले. "पेव उघडलं काल. रंग बघाय पायजे हुतास."

पलीकडून काही आलं नाही. अण्णा हल्ली उशिरा उत्तर देत. बापू थांबले, दूध प्याले, पुन्हा थांबले. पडद्यावरची मान हळूहळू पुढे कलली. हनुवटी छातीला टेकली.

बापूंनी पेला खाली ठेवला. हात पुढे केला, एक बोट कापडावर त्या हनुवटीखाली ठेवलं, आणि तसेच बसून राहिले. मान वर आली नाही.

"सूनबाई," बऱ्याच वेळाने ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "त्यास्नी विचार, संपलं का?"

मी पडद्यापलीकडे गेले. अण्णांच्या पांढऱ्या केसांवर ऊन होतं. मी त्यांच्या नाकापाशी हात धरला. मग मी त्यांचे डोळे मिटवले आणि हात एकावर एक ठेवले. पडद्याच्या कापडाला मागून एका जागी बारीक फुगवटा आला होता, बापूंच्या बोटाचा. तो निघत नव्हता.

त्या घरात मी शेकडो निरोप पोचवले, पण पदरचं अक्षर कधी घातलं नव्हतं.

मी अलीकडे आले.

"बापू," मी सांगितलं, "अण्णा म्हणतात, अजून न्हाई, बाळ्या. झोप."

बापूंनी मान डोलावली, बोट खाली घेतलं आणि डोळे मिटले.